इंग्लंडच्या एका गल्लीचे तलाठी

कुवेतमधल्या फिंतासच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर बसून इंग्लंडातल्या घरांवर नजर ठेवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे, त्याच्या हातचा चहाही प्यायलो आहे. नाशिकचे हे गृहस्थ पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर, पण आम्हा मराठी मंडळींत तलाठीकाका. इंग्लंडात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पण आमची मुलं तिकडे नोकरीला लागली आणि लंडन परवडेना म्हणून उत्तरेतल्या एका स्वस्त जिल्ह्यात जाऊ लागली, तेव्हा काकांनी तो जिल्हा दत्तकच घेतला.

दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी ते कॉम्प्युटरवर तिथल्या रस्त्यांची छायाचित्रं उघडून फेरफटक्याला निघत. पायात चपला घालून, शपथ! एकाच घराची जुनी आणि नवी छायाचित्रं शेजारीशेजारी लावत. "हे बघ, इथे तीनचाकी सायकल होती, आता मोठी आहे. म्हणजे कुटुंब टिकलंय. आणि ह्या दारात कचऱ्याचे सहा डबे! घरातली एकेक खोली वेगवेगळ्या भाडेकरूंना दिलीय. इथे आपली पोरं नकोत."

माझी सई तिथल्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. तिच्या घरमालकानं घर विकायला काढलं आणि तिला जागा सोडायला सांगितलं. नवं घर बघायला जावं तर दारात ही रांग: लंडन सोडून आलेली जोडपी, केरळच्या नर्सेस, विद्यार्थी. पाच घरं तिच्या हातून गेली. "नाही मिळालं तर नोकरी सोडून येते, बाबा," असं ती रडत म्हणाली आणि मी धावत चौथा मजला गाठला.

काका तीन शुक्रवार एकच गल्ली चालले. "गल्ली सोन्यासारखी आहे. इथली माणसं हलत नाहीत." तिथे समोरासमोर दोन घरं भाड्यानं द्यायची होती. पहिल्यावर काकांनी फुली मारली. "बैठकीच्या खोलीत दुपारभर ऊन! पोरगी भाजून निघेल." कुवेतच्या जुलैत थंड पाण्याच्या नळाचाही चटका खाल्लेला माणूस, दुसरं काय म्हणणार? मीही मान डोलावली. समोरच्या सावलीतल्या घरासाठी कुणी अर्जच केला नव्हता. ते सईला दोन दिवसांत मिळालं. इमारतीच्या हारिसपर्यंत, म्हणजे रखवालदारापर्यंत, सगळ्यांना काकांनी पेढे चारले.

थंडीत एकदा ते माझ्या दारात उभे, चेहरा उतरलेला. "अरे, तिकडे ऊन विकतात! जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहितात, घरात भरपूर ऊन! मी पोरीला अंधारात घातलं रे!"

मी सईला फोन लावून स्पीकर चालू केला.

"हो काका, दिवसासुद्धा दिवे लावते मी," ती हसत म्हणाली. "बट आय अ‍ॅम नॉट लीव्हिंग धिस स्ट्रीट. परवा ताप आला तर शेजारच्या आजी सूप घेऊन आल्या. जुन्या घरी शेजारी कोण राहतं तेही मला माहीत नव्हतं."

"पण बेटा, ऊन..."

"काका, पुरे!"

एवढं बोलणं काकांना आयुष्यात कुणी ऐकवलं नसेल. ते चहा पिऊन घरी गेले. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

उन्हाळ्यात ते निवृत्त होऊन नाशिकला निघाले. विमानतळावर काकू माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडत होत्या, तेव्हा काकांनी मला बाजूला घेतलं आणि हातात घडी केलेला कागद कोंबला. सईच्याच गल्लीतली, समोरच्या, उन्हाच्या बाजूची चार घरं. कुठे मुलं शिकायला बाहेर पडलीत, कुठे एकट्या म्हाताऱ्याला जिने झेपत नाहीत, कोण आधी घर सोडेल, त्या क्रमानं लिहिलेली. "तिला सांगू नकोस, चिडेल," ते म्हणाले. "नुसतं लक्ष ठेव."

मी लक्ष ठेवलं, दर शुक्रवारी. गेल्या महिन्यात यादीतल्या पहिल्या घराची भाड्याची जाहिरात दिसली, यादीचं न सांगता मी ती सईला पाठवली, आणि तिनं रस्ता ओलांडून सामान नेलं.