ऐंशीच्या खुणेवरचा तारल्द

तारल्दच्या समोर माशाची लांबी सांगायची कुणाची छाती नव्हती. आमच्या हेग्गेदालच्या दरीत तळ्यावरून परतणाऱ्या माणसाला पुलाशी तारल्द उभा दिसला, की त्याचे पसरलेले हात आपोआप जवळ यायचे. करवतगिरणीत येणारं लाकूड मोजणं हे त्याचं काम. ओंडका जमिनीला लागायच्या आत याच्या तोंडून आकडा निघायचा. मग नियम आहे म्हणून फीत लावायची, आणि आकडा तोच यायचा. माझा तो शाळेपासूनचा दोस्त. पुढे माझ्या बहिणीशी, ओस्लाउगशी लग्न केलं आणि मेहुणा झाला. लग्नाआधी त्याने तिला म्हणे सांगितलं होतं, "तुझी उंची एकशे चौसष्ट." एवढंच काय ते प्रेमाचं बोलला असेल. ती मला म्हणाली, "दादा, निदान खरं तरी बोलतो."

हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही दोघं उडीच्या उतारावर मोजणीला उभे राहायचो. खेळाडू वरच्या मनोऱ्यावरून स्कीवर घसरत येतो, कडेवरून झेपावतो आणि खाली बर्फावर येऊन टेकतो. कुठे टेकला हे तेव्हा कुठलं यंत्र सांगत नव्हतं, आम्ही सांगायचो. उताराच्या कडेने लाकडी पायऱ्यांवर वीस-पंचवीस माणसं, आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मीटर बर्फ. आपल्या तुकड्यात पाय टेकले की हात वर करायचा आणि आकडा ओरडायचा. एक पाय पुढे, एक मागे असतो, त्यांच्या मधली जागा धरायची. अर्ध्या मीटरचीही चूक चालत नाही. तारल्दकडे एकोणऐंशी ते ब्याऐंशी, म्हणजे जिथे खऱ्या चांगल्या उड्या येऊन पडतात तो तुकडा. त्याच्या खालच्या पायरीवर मी.

या कामाचा एकच नियम आहे, वर बघायचं नाही. खेळाडू निघाल्याची शिट्टी झाली की नजर बर्फावर. माणूस हवेत असताना त्याच्याकडे पाहिलंत, की तो टेकताना तुमची नजर त्याच्यामागे वाहत जाते आणि अर्धा मीटर कुठे गेला ते कळत नाही. नवीन माणूस हमखास वर बघतो. तारल्द त्याला म्हणायचा, "तमाशा बघायचा असेल तर तिकीट काढ आणि तिकडे जाऊन उभा राहा." एकतीस वर्षं तो त्या पायरीवर उभा होता आणि एकतीस वर्षांत त्याने एकही उडी पाहिली नव्हती.

यात त्याच्या पोराच्या उड्याही आल्या. शेतिल सहाव्या वर्षापासून उड्या मारायचा. घरी आला की विचारायचा, "बाबा, कशी होती?" तारल्द म्हणायचा, "एकवीस." पुढे "चौपन्न", मग "एकाहत्तर". कशी होती ते पोराला आई सांगायची. एकदा, सोळा-सतराचा असेल, तो चिडून म्हणाला, "तुम्हाला मुलगा नाहीच आहे. तुम्हाला बर्फातला खड्डा आहे." तारल्दने काय करावं? म्हणाला, "खड्डा छान होता." मी तिथेच होतो. त्याला धरून हलवावंसं वाटलं मला.

आणि मग जागतिक स्पर्धा आमच्या दरीत आली. लांब पल्ल्याच्या शर्यतींना पलीकडचं रान, उड्यांना आमचा डोंगर. शेतिल तेव्हा सव्वीसचा. गुडघा दोनदा कापून झालेला. ही शेवटची, असं त्याने आधीच सांगून टाकलं होतं. पदक आत्ता, नाहीतर कधीच नाही.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी ओस्लाउग नवऱ्याला म्हणाली, "या वेळी माझ्याजवळ उभे राहा. एकदा तरी बघा पोराला."

"आणि ऐंशीला कोण उभं राहील?"

"तुम्ही मेलात तर कोण राहील?"

"मेलो की बघू."

मीही सांगून पाहिलं. म्हटलं, "लोक बोलतील. बापच पोराची उडी मोजतोय म्हणतील." तो आमच्या मुख्य मोजणीदाराकडे, इंगेब्रिक्तकडे गेला आणि सरळ विचारलं, कुणाची हरकत आहे का. इंगेब्रिक्त हसायला लागला. "तारल्द, तू स्वतःच्या आईची शवपेटी नजरेने मोजून दोन सेंटिमीटर कमी आहे म्हणून परत पाठवलीस. तुझ्यावर कोण संशय घेणार?" झालं. याला तेवढंच हवं होतं.

पहिल्या फेरीत शेतिल याच्याच तुकड्यात टेकला. हात वर. "एक्क्याऐंशी." आवाजात फरक नाही. एखादा ओंडका मोजावा तसा. शेतिल चौथा होता. दुसऱ्या फेरीत त्याच्या आधी एक फिनलंडचा गडी उतरला, आणि भोंग्यावरून सांगितलं की पंचांकडून ढबीचे गुण चांगले पडले तर शेतिलला साडेऐंशी पुरे आहेत, पदक आपलं.  शिट्टी झाली.

मी बर्फावर नजर लावली. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, की माझ्या वरच्या पायरीवर तारल्दची टोपी मागे कलली आहे. तोंड उघडं, हनुवटी आभाळाकडे. हा वर बघत होता. मी एवढा दचकलो की मी त्याच्याकडेच बघत राहिलो. मूर्खासारखा. तेवढ्यात बर्फावर थाड आवाज झाला आणि शेतिल आमच्यासमोरून खाली निघून गेला.

कुणाचाच हात वर नाही.

"ऐंशीवाले!" इंगेब्रिक्त वरून ओरडला.

मी हळूच म्हटलं, "साडेऐंशी म्हण. कोण विचारतंय?" हो, म्हटलं मी. भाचा होता माझा. आणि तारल्द 'नव्वद' म्हणाला असता तरी लोकांनी मान डोलावली असती.

तारल्द म्हणाला, "मला दिसलं नाही."

इंगेब्रिक्तला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने पुन्हा विचारलं. तारल्दने पुन्हा, मोठ्याने, सगळ्या पायऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझं लक्ष नव्हतं." मग इंगेब्रिक्तने मला विचारलं. मीही तेच सांगितलं, दुसरं काय सांगणार? शेवटी वरच्या पायरीवरचा गुडमुंड म्हणाला, "माझ्या बाजूने ऐंशी किंवा साडेऐंशी वाटते." शंका असली की कमी आकडा धरायचा, हा नियम. फळ्यावर ऐंशी लागले. शेतिलला गुण चांगले पडले होते. साडेऐंशी असते तर तिसरा आला असता. चौथा आला. खरी उडी किती होती हे आता कुणालाच कधी कळणार नाही, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू?

तारल्दने दंडावरची मोजणीदाराची पट्टी सोडून इंगेब्रिक्तच्या हातात दिली.  आम्ही गाडीत बसलो. वाटेत पंपाशी दोघं-तिघं उभे होते. एकाने काच वाजवून विचारलं, "काय तारल्द, डुलकी लागली होती काय?" तारल्द म्हणाला, "तसंच समज."

घरी ओस्लाउगने मटण आणि बटाटे वाढले. शेतिल सगळ्यात शेवटी आला. बूटही न काढता टेबलाशी बसला. चेहरा ओढलेला. ताटाला हात लावला नाही.

"बाबा, खरं सांगा. किती होती?"

"माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही? तुम्हाला?"

"मी वर बघत होतो," तारल्द म्हणाला. "तुझ्याकडे."

मला वाटलं, आता हा ताट भिरकावतो. वीस वर्षं मेहनत केलेला माणूस, त्याने भिरकावलं असतं तर मी काही बोललो नसतो. ओस्लाउगने पाण्याचा जग हळूच स्वतःकडे ओढून घेतला. शेतिलने बापाकडे बघितलं. मग खाली वाकून बुटाची एक नाडी सोडली, दुसरी सोडली, आणि वाकलेलाच असताना विचारलं,

"मग कशी होती?"

तारल्दने तोंड उघडलं. आकडा येईना. एकदा माझ्याकडे बघितलं त्याने, जणू मी मदत करणार होतो.

"आधी तू मनोऱ्याच्या कडेवर होतास," तो म्हणाला. "मग कड राहिली मागे आणि तू खाली येईचनास. मला वाटलं हा आता पडणार, तर तू पुढे वाकलास. नाक स्कीच्या टोकाला लागेल एवढा. डावी स्की जराशी थरथरली, तू ती कशी धरलीस कुणास ठाऊक. आणि इतका वेळ, शेतिल. इतका वेळ तू वरच होतास."

त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याने ते पुसले नाहीत.

"अजून सांगा," शेतिल म्हणाला.