राणीची मधली जागा

समस्त पुणेकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की मांजरी गावाजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत एका यंत्राला 'जावईबापू' अशी हाक मारली जाई, आणि ती मारणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीवर असत. त्या आमच्या प्रमुख होत्या. डॉ. शशिकला गायकवाड.

जावईबापू म्हणजे टेबलाला जखडलेला एक पांढरा यांत्रिक हात. तो चालवण्याचं काम माझ्याकडे. पहिल्या दिवशी बाईंनी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "हे रुसतात का?"

"अधूनमधून अडून बसतात," मी म्हणालो.

"मग शोभतात."

बाईंना नाद यीस्टचा. उसाची मळी खाऊन अल्कोहोल बनवणारे हे सूक्ष्म जीव त्या कुठूनही उचलून आणत. बिबवेवाडीत घराजवळच्या रसवंतीच्या चरकावर सापडलेलं वाण म्हणजे 'राणी', त्यांची लाडकी. वाणांची परीक्षा छोट्या छोट्या खळग्यांच्या ताटलीत होते. त्यातले कडेचे खळगे लवकर सुकतात आणि तिथलं वाण मागे पडतं, हे आम्हाला बाईंनीच शिकवलेलं. म्हणून राणी कायम मधोमध. "लेकीला कुणी उंबऱ्यावर बसवतं का?" जांभळाच्या सालीवरून आलेली 'धाकटी' मात्र कोपऱ्यात. दर परीक्षेत राणी पहिली.

बाई निवृत्त होण्याआधी एकच वाण साखर कारखान्याच्या मोठ्या टाकीत जाणार होतं. ते राणीच असावं, एवढंच त्यांना हवं होतं. आमच्या संस्थेचे संचालक म्हणाले, एकदा यंत्राकडून तपासून घ्या, म्हणजे झालं.

जावईबापूंचं डोकं संगणकात होतं. तिथली कृत्रिम बुद्धिमत्ता दर ताटलीत वाणांच्या जागा बदले, हाताकडून थेंब सोडून घेई आणि निकाल पाहून पुढचा प्रयोग स्वतःच मांडी. बाई स्टुलावर बसून नाटक पाहावं तशा पाहत.

"अहो, राणीला कोपऱ्यात टाकलं त्यांनी," त्या कुजबुजल्या. "हात धरू का?"

"आधी बघा, मग बोला," मी म्हणालो. हे वाक्य त्यांचंच. आमच्यापैकी प्रत्येकाला त्यांनी ते कधी ना कधी ऐकवलेलं.

सगळ्या ताटल्या मिळून निकाल आला. धाकटी पहिली. राणी चौथी.

बाईंनी सगळं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. "जावईबापू बिघडलेत असं म्हणता येईल," मी हळूच सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बिघाड माझ्यातच असावा.

मग पडद्यावरचे आकडे बघत त्यांनी विचारलं, "राणी मधोमध होती तेव्हा?"

"पहिली आली."

"आणि धाकटी मधोमध होती तेव्हा?"

"मधोमध बसलेल्या राणीच्याही बरीच पुढे."

बाईंच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली, नवीन वाण सापडलं की येणारी. मला वाटलं होतं रडतील.

बैठकीत कारखान्याच्या साहेबांनी नम्रपणे विचारलं, "मग राणी न्यायची ना, मॅडम?" बाई उठल्या, पडद्यापाशी गेल्या आणि धाकटीवर बोट ठेवलं. "ही न्या."

संचालक गोंधळले. "पण मॅडम, राणी तर दर वेळी पहिली यायची ना?"

बाईंना हसू आवरेना. भर बैठकीत त्या बोलून गेल्या, "अहो, इतकी वर्षं मी मधल्या खुर्चीचा सत्कार करत होते."