दहावी ‘ब’चं दुःखद निधन

पुण्याच्या कॅम्पातल्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर एक स्पीकर होता. त्यातून सिस्टर बोलायच्या. सिस्टर म्हणजे मुख्याध्यापिका. शाळेत सिस्टर तशा बऱ्याच होत्या, पण नुसतं ‘सिस्टर’ म्हटलं की त्याच. फी, सुट्टी, हरवलेला डबा, कुठल्या मजल्यावरचा नळ उघडा राहिलाय, सगळं त्या स्पीकरवरून कळायचं. आणि कुणी गेलं की तेही. एखाद्या टीचरची आई, एखाद्या मुलीचे आजोबा, जुन्या माळीकाकांची बायको. ‘अत्यंत दुःखानं कळवते की’ एवढं त्यांच्या इंग्रजीत ऐकू आलं की नाव कळायच्या आधीच सगळी शाळा उभी. जिन्यात असाल तर जिन्यात, तोंडात पोळीभाजी असेल तर घासासकट.

मग सिस्टर म्हणायच्या, ‘हे प्रभू, यांना चिरविश्रांती दे,’ आणि शाळा उत्तर द्यायची, ‘आणि अखंड प्रकाश यांच्यावर राहू दे.’ शेवटी सिस्टर म्हणायच्या, ‘यांना शांती लाभो.’ त्यावर ‘आमेन’ म्हटलं की मगच बसायचं. त्याआधी बसायची कुणाची हिंमत नाही. आमच्या वर्गात ख्रिश्चन मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, पण ही प्रार्थना आम्हा सगळ्यांना पाढ्यांच्या आधी पाठ झालेली. माझी मैत्रीण शनिवार पेठेतली, घरात सोवळंओवळं. तिनं स्वतःच्या पणजीच्या दहाव्याला, कावळा काही केल्या शिवेना तेव्हा, गुरुजींच्या मागे उभं राहून हीच म्हटली होती. तिचं म्हणणं, कावळा लगेच आला.

सिस्टरचा तो आवाज मला काढता यायचा. आधी माईकवर बोटानं दोनदा टकटक, मग एक फुंकर, मग घसा खाकरणं, आणि मग लांबवलेलं ‘चिल्ड्रन’. त्या एका शब्दात आपण काहीतरी केलंय असं प्रत्येकीला वाटलंच पाहिजे. आणि घोषणा कसलीही असो, शेवट रागावण्यानंच. ख्रिसमसच्या शुभेच्छा देऊनसुद्धा त्या म्हणायच्या, ‘आणि पायमोजे वर ओढा.’ सिस्टर गावाला गेल्या की मी वर्गात तो आवाज काढायचे आणि मागच्या बाकावरच्या मुली खरोखर मोजे ओढायच्या.

पण माझे खरे श्रोते म्हणजे आमचे अण्णा. माझे वडील. आम्ही मूळचे हडपसरचे. शेती गेली, त्यावर दुसऱ्यांच्या इमारती आल्या, आणि राहिलेल्या तुकड्यावर अण्णांनी गाळे काढून भाड्यानं दिले. त्यांचं शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. माझ्या ॲडमिशनच्या मुलाखतीत सिस्टरनी विचारलेल्या प्रत्येक इंग्रजी प्रश्नाला त्यांनी ‘येस’ म्हणून उत्तर दिलं होतं. घरी इंग्रजी बोलता का? येस. व्यवसाय काय? येस. ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. “बाईला कळलं की ह्याला काय बी कळंना झालंय. हसली, पण पोरीला घेतलं. चांगली हाय बाई.”

संध्याकाळी मी घरी आले की त्यांची फर्माईश ठरलेली. “कर की गं तुझ्या बाईचा आवाज.” मी स्वयंपाकघरातून हळूच वाटीवर टकटक करायचे, फुंकर मारायचे आणि म्हणायचे, ‘चिल्ड्रन!’ की अण्णा बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीतून ताडकन उठायचे. खुर्ची फरशीवर कर्रकन सरकायची. चहाची कपबशी हातात घेऊन, छाती पुढे काढून ते पोरांसारखं ओढून म्हणायचे, “गुऽऽड मॉर्निंग, सिस्टर!” आणि मग हसत सुटायचे. चहा बशीत, बशीतून लेंग्यावर. रोज तेच. आई म्हणायची, “बापलेकींना दुसरा उद्योग हाय का न्हाई?” नव्हताच.

दहावीच्या वर्षी, दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात अण्णा गेले. सकाळी छातीत दुखायला लागलं, ॲसिडिटी म्हणून जिरं खाल्लं, आणि दुपारी नव्हते.

मी रडले नाही. घरात रडायला माणसं येत होती आणि मी चहा करत होते. बायका म्हणत, “किती धीराची पोर!” धीर कसला, डोंबल! मला काही वाटतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही, तसं झालं होतं. आई माझ्याकडे बघायची आणि घाबरायची. “रड गं बाई एकदा,” म्हणायची. मी म्हणायचे, “हो, रडते,” आणि गणितं सोडवायला बसायचे. त्या काळात मला गणितात जेवढे मार्क पडले तेवढे आधीही नाहीत आणि नंतरही नाहीत.

तेराव्यानंतर शाळेत गेले. मैत्रिणीनं सांगितलं, “तुझ्या बाबांसाठी स्पीकरवरून प्रार्थना झाली. सगळे उभे होते. केजीची पिल्लंसुद्धा.” मी म्हणाले, “बरं.” आणि भूगोलाचा कुठला धडा झाला ते विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिची वही नेऊन परत न देणारी मुलगी आहे.

आता निरोपसमारंभाचं. आमच्या शाळेत पद्धत होती की दहावीच्या निरोपाच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी थोडा वेळ सिस्टर आपलं ऑफिस आणि माईक दहावीच्या मुलींच्या ताब्यात द्यायच्या. स्वतः बाहेर जायच्या. त्या वेळात काय वाटेल ते बोला, कुणी रागावणार नाही. बहुतेक वर्षी मुली एखादं गाणं म्हणायच्या, टीचर्सचे आभार मानायच्या आणि रडायच्या. मैत्रीण म्हणाली, “आभार मानायला मुंज आहे का? आपण मरू.”

म्हणजे असं: सिस्टरच्या आवाजात जाहीर करायचं की दहावी ‘ब’चं दुःखद निधन झालं. पेठेत भिंतीवर असतात तसली श्रद्धांजली तिनं शनिवारी एका बैठकीत, सिस्टरच्या इंग्रजीत लिहून काढली. ‘दहा वर्षांच्या प्रदीर्घ आजारानंतर. मागे एक न फिरणारा पंखा आणि सुटकेचा श्वास टाकणाऱ्या गणिताच्या टीचर असा परिवार. अंत्ययात्रा कँटीनमार्गे. शोकाकुल: वडेवाले काका. आनंदाने: नववी ब.’ शेवटी ती प्रार्थना, पण ‘यांना शांती लाभो’च्या जागी ‘यांना निदान पस्तीस टक्के लाभोत’. सगळा वर्ग लोळून हसला. आणि मग सगळ्या एकदम माझ्याकडे बघून गप्प झाल्या.

“आपण दुसरं काहीतरी करू,” मैत्रीण म्हणाली. तिला असं गुळमुळीत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“का? मला काय झालंय?” मी म्हणाले.

खरं म्हणजे मला काय झालंय तेच मला बघायचं होतं. अण्णा गेल्यापासून मी तो आवाज काढला नव्हता. एकदा बाथरूममध्ये, नळ सोडून, बादलीवर टकटक करून पाहिलं. फुंकर मारली. घसा खाकरला. पुढे काहीच आलं नाही. आवाज बसला असता तर हळद-दूध घेतलं असतं. पण घसा ठणठणीत होता आणि आत कुणीच नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. रडू गेलं तर गेलं, पण हेही गेलं तर मग माझ्यात अण्णांचं राहिलं काय? म्हणून वर्गाला सांगितलं, “प्रॅक्टिसबिक्टिस नाही. त्या दिवशीच करीन.” मुलींना वाटलं, मी भाव खातेय.

निरोपाला साडी नेसायची असते. आईनं कपाट उघडलं आणि मोरपंखी काठाची, तिची सगळ्यात आवडती साडी माझ्या हातात दिली. “मी कुठं नेसणार आता.” मी घेतली. छान होती. आईनं निऱ्या घातल्या, मागे सरकून बघितलं आणि तोंड फिरवून पोळ्या लाटायला गेली. मला बसस्टॉपवर एकच विचार होता, पिना टोचतायत.

ऑफिसमध्ये आम्ही पाचसहा जणी कोंबून उभ्या राहिलो. सिस्टरनी माईकचं बटण कुठलं ते दाखवलं, ‘माझ्या कागदांना हात लावू नका,’ असं म्हणाल्या आणि हॉलमध्ये समोसे आले का बघायला गेल्या. मैत्रिणीनं कागद माझ्यासमोर धरला.  

टकटक. फुंकर. घसा. आणि ‘चिल्ड्रन’ निघालं. अगदी तस्संच. मीच दचकले. एक मुलगी तोंडात पदर कोंबून खाली बसली.

मी म्हणाले, ‘अत्यंत दुःखानं कळवते की...’

आणि आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, बाकं सरकली. मग त्याच्या वरच्या मजल्यावर. मग पलीकडच्या इमारतीत. कर्र, कर्र, कर्र. आम्हाला वाटलं होतं, सगळे हसतील. पण आवाज इतका तंतोतंत लागला की शाळेनं विचारच केला नाही, नेहमीसारखी उठून उभी राहिली. ‘दहावी ब’ म्हटल्यावर वरचे वर्ग फिस्सकन हसले, ते ऐकू आलं. पंख्याला हसले, कँटीनला तर बाकं बडवली. पण बसलं कुणीच नाही. आणि लहान वर्गांना तर विनोद कळलाच नव्हता. त्यांच्या दृष्टीनं कुणीतरी खरंच गेलं होतं. मी म्हणाले, ‘हे प्रभू, यांना चिरविश्रांती दे.’

उत्तर आलं. आधी बारीक आवाजात, केजीतून, पहिली-दुसरीतून. मग हसणं थांबून मोठ्यांचंही. चारी बाजूंनी, खिडक्यांतून, जिन्यातून. ‘आणि अखंड प्रकाश यांच्यावर राहू दे.’

हे असं झालं होतं तर! अण्णांसाठी हे असं झालं होतं. मी घरी चहा गाळत होते तेव्हा. ज्यांनी ह्या शाळेत ‘येस’शिवाय शब्द उच्चारला नाही, त्यांच्यासाठी सगळ्या शाळेची बाकं सरकली होती. आणि ती सरकताना आवाज कसला आला असेल ते मला माहीत होतं. आमच्या बाहेरच्या खोलीत रोज संध्याकाळी यायचा तोच.

पुढचं वाक्य होतं पस्तीस टक्क्यांचं. कागद समोर होता. मला म्हणताच येईना. मैत्रिणीनं कोपर मारलं, मग तिनं माझा चेहरा पाहिला आणि कागद खाली घेतला. बाहेर सगळी शाळा उभी. आमेन नाही, म्हणून बसणं नाही. कुणीतरी खोकलं. केजीत एक मूल रडायला लागलं. आम्ही पुतळ्यासारख्या, माईक चालू.

दारात सिस्टर होत्या. हातात समोशांचं ताट. त्याही जिथे होत्या तिथे उभ्या राहिल्या असणार, कारण प्रार्थना त्यांच्याच आवाजात चालली होती. आता आपलं मरण आलं असं आम्हाला वाटलं. त्यांनी ताट टेबलावर, स्वतःच्या कागदांवरच ठेवलं आणि हळू, इंग्रजीत म्हणाल्या, “मुलं उभी आहेत. पूर्ण कर.”

मी सिस्टरचा आवाज लावायला गेले. तो लागला नाही. माझाच आला, फाटका, हडपसरचा. ‘यांना शांती लाभो.’

‘आमेन,’ शाळा म्हणाली आणि धाडधाड बसली.

आणि मला रडू फुटलं. हुंदका वगैरे नाही, भोकाड. आईच्या साडीत, सिस्टरच्या टेबलावर डोकं ठेवून, समोशांच्या वासात, मी “अण्णा, अण्णा” करत गळा काढला. माईक चालूच होता. शाळेला वाटलं, दहावी ‘ब’ला रडणं चाललंय, श्रद्धांजलीचाच भाग. आणि शाळा हसायला लागली. काय हसली! वर बाकं बडवत होत्या, शिट्ट्या मारत होत्या, ‘वन्स मोअर’ ओरडत होत्या. मला जराही राग आला नाही. अण्णांनी ऐकलं असतं तर तेही असेच हसले असते, बशीतला चहा सांडेपर्यंत.

सिस्टरनी हात लांब करून बटण बंद केलं. बाकीच्या मुलींना बोटानं बाहेर जायची खूण केली आणि दार लावून घेतलं. कितीतरी वर्षं पुण्यात राहून त्यांनी शाळेत कधी मराठीचा शब्द उच्चारला नव्हता, आम्हालाही उच्चारू दिला नव्हता. माझ्याशेजारी खुर्ची ओढून त्या बसल्या आणि म्हणाल्या, “आता रड.”