बांधावरची येळवस

दिवाळी एखाद्या वर्षी चुकली तर चालते, पण थंडीतली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, मी माहेरीच करते. सासर नांदेडकडचं, अर्धापूरच्या केळीतलं, माहेर लातूरजवळचं. त्या दिवशी अख्खं लातूर बाजार बंद ठेवून शेतात जेवायला जातं. कडब्याची झोपडीवजा कोप उभारायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले दगडाचे पांडव मांडायचे, आणि मग आपल्याच रानातले तुरीचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील, असं पोटाला तडस लागेस्तोवर जेवायचं.

गेल्या वर्षी आईचा फोन आला. "औंदा दोन कोपी हायत," एवढंच म्हणाली. माझ्या दोन्ही भावांची वाटणी झाली होती. भांडण नव्हतं, नुसतं बोलणं बंद होतं, आणि मला तेच जास्त लागलं.

केळीचा घड घेऊन मी रानात पोचले. बांधाच्या अलीकडे थोरल्याची कोप, पलीकडे धाकट्याची. दोघी भावजया आपापल्या कोपीतून मला हाका मारत होत्या. आई मात्र विहिरीपाशी एकटीच बसलेली.

"माझा उपास हाय," ती म्हणाली.

येळवशीला उपास! असलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. कुणाकडे जेवावं हे तिला ठरवता येत नव्हतं. मला ठरवायचंच नव्हतं. मी सरळ बांधावर घोंगडी अंथरली, आईला हाताला धरून आणून बसवलं आणि दोन्हीकडे ऐकू जाईल असं सांगितलं, "आम्ही हितंच जेवणार. ज्याला वाढायचं त्यानं हितं आणून वाढावं." माझा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी वाद घातला नाही.

जेवणाआधी रानाला फेरा घालून आंबील शिंपडतात. पुढचा "ओलगे ओलगे" म्हणतो, मागचा "सालम पोलगे". कानडी आहे म्हणतात, अर्थ आमच्यात कुणालाच येत नाही. नेहमी धाकटा पुढे असायचा, थोरला मागे. त्या दिवशी धाकटा दोन्ही एकटाच म्हणत बांधापर्यंत आला. त्याची हद्द इथे संपत होती.

"अक्का, सरक की जरा. मला माघारी फिरायचंय."

"न्हाई सरकत. जुना फेरा घाल."

तो आईकडे बघत राहिला. मग बांध ओलांडून थोरल्याच्या ज्वारीत शिरला. "ओलगे ओलगे!" कुणीच साथ दिली नाही. त्याने पुन्हा हाक दिली, आता जरा हळू. मी थोरल्याच्या कोपीकडे बघत होते. तो बाहेर आला, चपला काढल्या, आणि त्याच्या मागे जात म्हणाला, "सालम पोलगे."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

फेरा संपल्यावर दोन्ही पातेली बांधावर आली. थोरल्याकडची भज्जी अळणी, धाकट्याकडची आंबट. मी दोन्हींना नावं ठेवली आणि दोन्ही चापून खाल्ल्या. शेजारी आई भज्जीत उंडा कुस्करत होती.

"उपास मोडला की गं तुझा," मी म्हणाले.

"कसला उपास," ती म्हणाली. "वाढ अजून."