चेहरा उजळणारी ऊर्मिला

ऊर्मिला जन्माचीच दमलेली आहे, असं मला पूर्वी वाटायचं. जिना चढताना मजल्यामजल्यावर थांबते, पिशवी खाली ठेवते, आणि मी दारात दिसले की न विचारताच सांगते, "आले हं कुंदाताई, चाललंय आपलं." जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या या इमारतीत तिचं दार माझ्या दारासमोर. आमच्या दोघींचे नवरे अंधारातच वोल्फ्सबुर्गच्या मोटार-कारखान्याकडे जायला गाडी धरतात आणि जेवणापुरते परत येतात. तिचा शिरीष काय नि आमचे हे काय, असून नसून सारखेच.

ती मूळची कराडची. रंगाने काळी. पण आपल्याकडे सरळ काळी कोण म्हणतंय? "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस," असं म्हणतात, आणि वर आपण मुलीवर उपकार केले असं समजतात. मेल्यांनो, तुमचे चेहरे बघा आधी आरशात! पण हे मी आत्ता म्हणते. माझ्या भावासाठी मुली बघताना मीही तस्संच बोलले असणार.

लग्नाआधी ऊर्मिला चिंचवडला एका स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी जोडायची, म्हणजे कॉम्प्युटरवर एडिटिंग करायची. मालक पद्माकरकाका. त्यांचा एकच नियम होता: मंगलाष्टकं नंतर, आधी नवरीचा चेहरा उजळ करायचा. नवरी गोरी असो, काळी असो, चित्र उघडलं की पहिलं काम ते. ऊर्मिला सांगायची, "इतकी सवय झाली होती कुंदाताई, की चहाचा कप खाली ठेवायच्या आत एका हाताने चेहरा उजळलेला असायचा." स्वतःच्या लग्नाची कॅसेटही तिनेच जोडली. त्यात ती कशी दिसते ते वेगळं सांगायला नको.

जर्मनीत आल्यावर बरीच वर्षं तिने एका शाळेच्या कँटीनमध्ये मुलांना जेवण वाढलं. बटाटे, सॉस, पुन्हा बटाटे. मग तिला हे काम मिळालं. शहरात एक छोटा फेराइन आहे, म्हणजे आपल्या मंडळासारखी संस्था. इथली काळी, आफ्रिकी वंशाची मुलं-मुली तिथे स्वतःवर चार-पाच मिनिटांच्या फिल्म करतात. कुणी आपल्या केसांवर, कुणी आपल्या नावावर, कुणी वर्गातली पोरं कशी चिडवतात त्यावर. "काळी मुलं" म्हणताना माझी जीभ अडखळायची, आपण तो शब्द शिवीसारखाच वापरलाय ना. पण त्या पोरी स्वतःला ताठ मानेने काळी म्हणवतात. फिल्म जोडायचं, आवाज आणि रंग नीट करायचं काम ऊर्मिलाचं. पैसे बेताचे, सुट्टीच्या दिवशीही जावं लागायचं, पाठ धरायची. तरी सोडत नव्हती.

आता तिच्या लेकीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपतं. इरा पंधरा वर्षांची, आईच्याच वळणाची, आईच्याच रंगाची. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. त्या वयाच्या पोरींना आईची लाजच वाटते, त्यात ही आई म्हणजे सदा दमलेली, चुकीचं जर्मन बोलणारी. शाळेच्या दारापर्यंतही यायचं नाही अशी ताकीद. पण इराच्या वर्गातल्या एफुआने फिल्म केली, तेव्हा इरा आपणहून तिला म्हणाली, "माझ्या आईकडे दे, ती फार छान करते." ऊर्मिला त्या दिवशी जिना न थांबता चढली. "कुंदाताई, इराने माझं नाव सांगितलं हो!" इतकंच वाक्य, पण तिचे डोळे भरले होते. लेक जवळ येईल, ही तिची सगळी आशा त्या चार मिनिटांच्या फिल्मवर होती.

एफुआची आई घानाची, ती स्वतः इथेच जन्मलेली. फिल्म साधी होती. एफुआ आरशासमोर केसांच्या बारीक वेण्या घालतेय आणि बोलतेय: हा माझा रंग. माझ्या आईचा, तिच्या आईचा. लहानपणी मी तो साबणाने घासून काढायला बघायचे, आता नाही.

ऊर्मिलाने फिल्म जोडली. जीव ओतून जोडली. आणि दोघी मुली बघायला आल्या तेव्हा कौतुकाने म्हणाली, "बघ एफुआ, किती छान दिसतेस!"

एफुआने फिल्म शेवटपर्यंत बघितली. मग म्हणाली, "दास बिन इश निश्ट." ही मी नाही.

जित्याची खोड, दुसरं काय! चिंचवडचा हात. ऊर्मिलाने आरशातल्या त्या पोरीला चांगल्या दोन-तीन छटा उजळ करून ठेवलं होतं. तोंडाने पोर म्हणतेय हा माझा रंग, आणि चेहरा भलत्याच रंगाचा! गंमत म्हणजे ऊर्मिलाला ते दिसलंसुद्धा नव्हतं. शनिवारी फेराइनमध्ये फिल्म दाखवायच्या होत्या. एफुआने जॅकेट घातलं, माझी दाखवू नका म्हणाली आणि निघून गेली. मागोमाग इराही गेली. आईकडे तिने बघितलं ते, ऊर्मिला म्हणते, एखाद्या परक्या बाईकडे बघावं तसं.

हे सगळं तिने मला माझ्या ओट्याशी उभं राहून सांगितलं. घरात इरा "या" आणि "नाइन", म्हणजे हो आणि नाही, यापलीकडे बोलत नव्हती. "मी चांगलंच करायला गेले हो," ऊर्मिला पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला तिची दया आली आणि रागही आला. राग कुणाचा, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

मग मी अक्कल चालवली. आपल्याकडे भांडण मिटवायचं म्हणजे डबा. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. म्हटलं, गुळपोळ्या घेऊन जा एफुआच्या घरी, तोंड गोड कर. ऊर्मिला गेली बिचारी थंडीत डबा घेऊन. एफुआच्या आईने दार उघडलं, डबा घेतला, छान बोलली. पण एफुआ आतून आली आणि म्हणाली, "मला खाऊ नको. मला माझा चेहरा परत द्या."

माझ्या डब्याची ही किंमत झाली. आणि पोरीचं काय चुकलं हो? काही नाही.

"उद्या येशील?" ऊर्मिलाने विचारलं. "माझ्या शेजारी बस. तू सांग, मी करते."

एफुआ आली. इराही आली, पण कोपऱ्यात फोन घेऊन बसली. ऊर्मिलाने मला नंतर सांगितलं, "कुंदाताई, माझा हात चालेचना. ती म्हणायची अजून गडद, आणि मला वाटायचं, आता बिघडेल, आता वाईट दिसेल. आयुष्यभर नुसतं उजळच करत आले. सुंदर कुठे असतं तेच मला माहीत नाही." शेवटी एफुआने तिचा हात धरून बाजूला ठेवला आणि म्हणाली, तुम्ही केलेलं सगळं काढून टाका, कॅमेऱ्याने जसं घेतलं तसं राहू दे. ऊर्मिलाने काढलं. आणि मग तिला दिसलं की पोरीच्या गालावर खिडकीचा उजेड किती सुरेख पडलाय. तो तिनेच पुसून टाकला होता.

शनिवारी दुपारी मीही गेले. एफुआची फिल्म संपली तेव्हा सगळी पोरंपोरी उभी राहिली, टाळ्या, शिट्ट्या. एफुआने येऊन ऊर्मिलाला मिठी मारली. इरा मात्र लांब उभी होती. मी मनात म्हटलं, आता तरी ये की कार्टे!

आम्ही तिघी ट्रामच्या थांब्यावर आलो. गारठा मी म्हणत होता. आणि इराने तोंड उघडलं. ती जर्मनमध्येच बोलली, मी मराठीत सांगते.

"माझे फोटोपण केलेस का असे?"

ऊर्मिलाने खोटं बोलावं असं मला वाटलं. खरंच वाटलं. एवढी दमलेली बाई, आत्ता कुठे सुटली होती.

"हो," ती म्हणाली.

"कुठले?"

"आजीला पाठवलेले सगळे. दिवाळीचे, वाढदिवसाचे. बारशाचेसुद्धा."

"बारशाचे? मी बाळ होते!" इराचा आवाज चिरकला. "म्हणजे होते तशी मी तुला आवडत नव्हते?"

"तू आवडत होतीस गं बाळा. मला मी आवडत नव्हते. आणि तू अगदी माझ्यासारखी झालीस, म्हणून भीती वाटली. मी जे ऐकलं ते तू ऐकू नयेस..."

ट्राम आली. कुणीच चढलं नाही.

"खरे फोटो आहेत?" इराने विचारलं.

"आहेत. एकही काढून टाकला नाही."

"त्साइग," इरा म्हणाली. दाखव.

थंडीने बधिर झालेल्या बोटांनी ऊर्मिलाने फोनमध्ये शोधलं आणि बारशाचा फोटो तिच्यापुढे धरला. पाळण्यात इवलीशी काळीभोर पोर, डोळे मिटलेले, मूठ गालाखाली. इरा कितीतरी वेळ बघत राहिली.

"अगदी तुझ्यासारखी दिसतेय," ती म्हणाली.

पाळण्याभोवतीच्या बायकाही हेच म्हणाल्या होत्या, असं ऊर्मिलाने मला एकदा सांगितलं होतं. त्या हळहळून म्हणाल्या होत्या. इरा हसून म्हणाली, आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून पुढचा फोटो बघायला लागली.