सदाशिव पेठेतली खोली

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या गावच्या पंतोजींचे. फिरंग्यांच्या अमलातले आमचे लहानसे गाव. घरात कोणालाच अक्षर येत नव्हते. पंतोजींनी मला मोडी शिकवली आणि पुण्याच्या एका दफ्तरदारांच्या नावे चिठ्ठी देऊन इकडे धाडले. निघताना म्हणाले, "परक्या मुलखात चाललास. नव्या घरात पाय ठेवण्याआधी नारळ ठेवून जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणे घाल."

पुण्यात पहिले दोन दिवस मी नुसता हिंडलो. कात्रजचे पाणी नळाने हौदात पडते, ते पाहायला तर तीनदा गेलो. दफ्तरदारांनी माझे अक्षर पसंत केले, पण बजावले, "चार दिवसांत बिऱ्हाड करा. ज्याचा ठावठिकाणा नाही, त्याच्या हाती आम्ही कागद देत नाही."

चौथ्या दिवशी सदाशिव पेठेत एक खोली सापडली. खिडकी पूर्वेला, शेजारी दौत ठेवण्याजोगा कोनाडा. मनाने मी तिथे राहायलाही लागलो.

मालकांनी विचारले, "जामीन कोण?"

"आमचे पंतोजी."

"राहतात कुठे?"

"गोव्याकडे."

"उत्तम. तुम्ही पळालात की मी गलबत करून त्यांना धरायला जातो."

पुण्यात माझ्या ओळखीचे कोणी नव्हते. काय सुचले कोण जाणे, गावाहून आणलेला नारळ मी उंबऱ्याबाहेर ठेवला आणि मोठ्याने गाऱ्हाणे सुरू केले, "ह्या जागेच्या राखणदारा, परमुलखातले लेकरू तुझ्या दारी उभे आहे. त्याला आसरा दे आणि ह्या घराचे बरे कर रे महाराजा."

आमच्याकडे गाऱ्हाण्यात अशा ठिकाणी जमलेली माणसे "होय महाराजा" म्हणतात. त्या सवयीने मी थांबलो.

तेवढ्यात माजघरातून बायकी आवाज आला, "होय महाराजा."

मालकीणबाईंचे माहेर तळकोकणातले होते. दाराआडूनच त्या म्हणाल्या, "अहो, मी होकार दिला. आता त्यांना परत पाठवता येणार नाही. त्यांची जामीन मी."

"म्हणजे हे पळाले, तर मी तुला धरायचे," मालक म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "खोली झाडून घ्या. आणि हे ओरडणे रोज असते का?"

त्याच दुपारी खिडकीशी बसून पत्र लिहिले:

"पंतोजींच्या पायी साष्टांग नमस्कार. बिऱ्हाड झाले. उद्यापासून दफ्तरात बसेन. आनंदाच्या भरात घाईने लिहितो आहे. अक्षराचा दोष मानू नये. आईला हे वाचून दाखवावे. आपण एकदा यावे. खोलीत दोन पथाऱ्या मावतात, मी अंथरून पाहिल्या."