नायट्रोजनचं मशीन आणि धुडकूभाऊची अट

टायरच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपल्या पायांनी चालत येतात. चाक काढून ठेवलं की गाडीचा मालक कुठे जाणार? जुन्या टायरच्या थप्पीवर बसतो, चहा घेतो आणि बोलतो. डॉक्टरला माणूस दुखणं सांगतो, वकिलाला भांडण सांगतो. आमच्याकडे दोन्ही सांगतो, वर सल्लाही मागतो! इकडे गुजरातेत, पांडेसऱ्यात पंचवीस वर्षं दुकान चालवतोय. सगळं सांगायला बसलो तर तुमची गाडी इथेच राहील. म्हणून आज फक्त नायट्रोजनचं सांगतो.

*

मी सातवी शिकलेला माणूस. नायट्रोजन ही काय चीज आहे, हे मला मशीन घेण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हतं. पण समोरच्या दुकानाने बोर्ड लावला, ‘इथे नायट्रोजन मिळेल’, आणि माझ्याकडे वळणाऱ्या गाड्या तिकडे वळायला लागल्या. मग मीही मशीन आणलं.

धुडकूभाऊने मशीनला एक चक्कर मारली. धुडकूभाऊ म्हणजे माझा फिटर. साक्रीकडचा, माझ्याच गावचा, बावीस वर्षांपासून सोबत. टायरला बोटाच्या पेराने टकटक करून हवा किती ते सांगतो. त्याने तीस सांगितलं की गेज एकोणतीस दाखवायची हिंमत करत नाही! खरं सांगायचं तर लोक माझ्या नावाच्या बोर्डाकडे नाही, त्याच्या हाताकडे बघून येतात.

“नाना, ह्याच्यात आत काय जातं?”

“हवा.”

“आणि बाहेर?”

“नायट्रोजन.”

“तो कुठला?”

“हवेतलाच.”

“मंग हवा ती हवाच शे, नाना!”

आणि तिथेच त्याने अट घातली. मशीनला तो हात लावणार नाही, भरायचं ते मी भरायचं. आणि कोणी विचारलं तर खरं तेच सांगायचं. “ह्या मशीनपायी दुकानात ज्या दिवशी एक जरी शब्द खोटा बोलला गेला, त्या दिवशी मी घर चालनू!”

घरी चाललो म्हणजे गावी, कायमचा. धुडकूभाऊ एकदा बोलला की बोलला. आता बघा, मशीन परत करता येत नव्हतं आणि हा गेला तर दुकानात नुसतं मशीनच उरणार होतं!

*

मशीनची पूजा केली, नारळ फोडला. पहिलं गिऱ्हाईक आलं, नवी कोरी गाडी. मी पाइप हातात घेतला तेवढ्यात त्याने धुडकूभाऊला विचारलं, “काका, साचुं कहो, फेर पडे?” खरं सांगा, फरक पडतो का?

“तुम्हाला नाही पडत,” धुडकूभाऊ म्हणाला, “नानांना पडतो.”

पहिलं गिऱ्हाईक साधी हवा भरून, प्रसादाचं खोबरं खात निघून गेलं!

*

आमचे तायडेसाहेब रेल्वेतून रिटायर झालेले. रोज पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. एक दिवस गाडी लावली आणि म्हणाले, “नायट्रोजन भरा. पण माझा एक हिशोब आहे.”

“बोला साहेब.”

“साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतो. बरोबर? माझ्या टायरात साधी हवा आहे. म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के माल माझ्या घरचा आहे. तुम्ही फक्त वरच्या बावीस टक्क्यांचे पैसे लावा.”

मी म्हटलं, “साहेब, पण आम्ही आधी जुनी हवा सोडून देतो.”

“मग माझे अठ्ठ्याहत्तर टक्के मला पिशवीत भरून द्या!”

*

एक जण नुसता टोपणं घ्यायला आला. नायट्रोजन भरला की व्हॉल्व्हवर हिरवं टोपण लावतात, ओळख म्हणून. हा म्हणाला, “हवा आहे तीच राहू द्या. चार हिरवी टोपणं तेवढी द्या. पार्किंगमध्ये शेजारच्याच्या गाडीला आहेत, बायको रोज दाखवते.”

धुडकूभाऊने स्वतः उठून टोपणं लावून दिली आणि पैसे घेऊ दिले नाहीत. मला म्हणाला, “नाना, एवढ्या दिवसांत हा एकच समजूतदार आला!”

*

आता तुम्ही मलाच विचाराल, की बाबा, तुझं मत काय? माझं मत सरळ आहे. नायट्रोजन कोरडा असतो, थोडा सावकाश उतरतो, म्हणून विमानात आणि रेसच्या गाडीत त्याला मान आहे. उधना ते वराछा अशा शहरातल्या शहरात फिरणाऱ्या आपल्या गाडीला पंधरा दिवसांतून एकदा गेज लावलं तरी पुरे. पण नायट्रोजन भरणाऱ्यांना वाटतं, आता वर्षभर बघायला नको! पंक्चर काढून काढून मी जेवढं कमावलं, त्याहून जास्त ह्याच लोकांना नवे टायर विकून कमावलं.

भगवानभाऊचंच घ्या. भाच्याच्या लग्नाला सहा माणसं आणि आहेराच्या पिशव्या भरून गाडी घेऊन निघाला. सोनगडच्या पुढे मागचं चाक बसायला लागलं. रस्त्यात पंक्चरवाला होता, तो म्हणाला, “तात्पुरती हवा मारून देतो.” भगवानभाऊने त्याला हात लावू दिला नाही. का? तर आतला नायट्रोजन बाटेल! पुढे नवापूरला मिळेल म्हणून तसाच रेटला. नवापूर आलं तेव्हा रिमभोवती टायरच्या नुसत्या चिंध्या होत्या.

आठवड्याने त्या चिंध्या घेऊन दुकानात आला. मी नवीन टायर काढेपर्यंत धुडकूभाऊच्या कानाशी लागून हळूच विचारतो, “भाऊ, ह्यातला नायट्रोजन काढून नव्या टायरात घालता येईल का हो?”

*

अटीमुळे माझी खरी परीक्षा झाली ती कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या मॅनेजरपायी. गुजराती माणूस, बोलायला गोड, हातात मिलच्या सगळ्या गाड्या. पहिल्यांदाच माझ्याकडे आला होता. म्हणाला, “काका, तुम्ही सांगाल तसं. नायट्रोजनने काही फायदा होत असेल तर सगळ्या गाड्या उद्यापासून तुमच्याकडे.”

धुडकूभाऊ तेव्हा एका टेम्पोखाली होता, बाहेर फक्त पाय दिसत होते. आतून पान्याचा आवाज येत होता. मॅनेजरने प्रश्न विचारला आणि पान्याचा आवाज थांबला.

खोटं सांगतो असं समजू नका, पण त्या क्षणी माझ्या जिभेवर ‘खूप फायदा’ आलं होतं. मी त्या पायांकडे पाहिलं. बावीस वर्षं पाहत होतो ते पाय. म्हटलं, “साहेब, हवा वेळेवर तपासलीत तर साध्या हवेने काम होतं. विशेष फरक नाही.”

मॅनेजरने मान हलवली. मी मनातल्या मनात सगळ्या गाड्यांना हात हलवून निरोप दिला.

“असं?” तो म्हणाला. “मग भराच. मोठ्या शेठना रिपोर्टमध्ये लिहून द्यायचंय, ‘नायट्रोजन भरला’ म्हणून. फरक पडतो का, असं रकान्यात कुठे विचारलेलंच नाही!”

टेम्पोखाली पाना पुन्हा सुरू झाला.

*

आणि हा मागच्या रविवारचा.

धुडकूभाऊची सून आठव्या महिन्यात आहे. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी न्यायला तिचे वडील आले. आत्माराम त्यांचं नाव. कोसाडला राहतात, सचिन भागातल्या एका मिलच्या रंगखात्यात कामाला आहेत. जन्मभर मोटारसायकलवर फिरलेला माणूस, पण ह्या कामासाठी खास जुनी गाडी घेतली. सासऱ्याचा निरोप घ्यायला मुलीला घेऊन दुकानासमोर थांबले. खाली उतरले ते हसतच.

“व्याही, चारही टायरात नायट्रोजन भरून आणलाय! त्या दुकानवाल्याने सांगितलं, घरात पोटुशी पोर असेल तर हाच भरा. खड्डा पोटातल्या बाळाला कळतसुद्धा नाही!”

आत्मारामभाऊंनी रुमालाने बॉनेटवरची धूळ झटकली. “काल दोन तास लाइनीत उभा होतो. तुम्ही ह्या धंद्यातले जुने. सांगा बरं, फरक पडतो ना?”

मागच्या सीटवर पोर उशी पाठीला लावून बसली होती. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे.

धुडकूभाऊने फडक्याला हात पुसले. वाकून मागच्या टायरवर पेराने टकटक केलं. तो आवाज आता मलाही कळतो. हवा बत्तीस पाहिजे, तिथे चाळीसच्या वर ठोकलेली! अशी गाडी खड्डा सोडा, खड्याचासुद्धा निरोप सीटपर्यंत पोचवते.

“फरक ना?” धुडकूभाऊ उभा राहिला. “जमीन-अस्मानाचा फरक पडतो, व्याही!”

मी हातातला चहा खाली ठेवला.

मग त्याने गेज आणलं, टोपण काढलं आणि फुस्स करून हवा सोडायला लागला. आत्मारामभाऊ घाबरले. “अहो, नायट्रोजन चालला!”

“जास्तीचा आहे तो. बाळाला लागतो तेवढा आत ठेवतो.”

चारही टायर त्याने बत्तीसवर आणले, एकेक दोनदा तपासला. सुनेने खिडकीतून हात काढून नमस्कार केला. गाडी निघाली. पुढे रस्त्यावर स्पीडब्रेकर आहे, त्यावरून ती अशी अलगद गेली की आत्मारामभाऊंनी गाडीतूनच अंगठा वर केला.

धुडकूभाऊ अर्धवट राहिलेल्या एका टेम्पोकडे वळला. मी आडवा उभा राहिलो.

“धुडकूभाऊ, दुकानात खोटं बोललं गेलं. आता घरी कोण जाणार?”

त्याने पाना पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं, खुंटीवरचा शर्ट काढला.

“आज ऐतवार शे, नाना. दुकान अर्धा दिनच राहस. दोन्हीजन जाऊत!”